सायलेन्सर, सात गॅलन आणि सौ.

बऱ्हाणपूर, रविवार, ९ जानेवारी १९४९

आज शाहपूरहून परत येताना गाडीचा सायलेन्सर गळून पडला. दोष सर्वस्वी रस्त्याच्या ठेकेदाराचा. भर दुपारी, भर रस्त्यात खडीचा गुडघाभर ढीग घालायचा आणि त्यावर साधं लाल फडकंही लावायचं नाही, ही काय रीत झाली? त्यात तापीवरून धुकं आलेलं. शेजारी बसलेली सौ. म्हणते, धुकं मुळीच नव्हतं आणि ती "ढीग, ढीग" म्हणून दोनदा ओरडली होती. ओरडली हे खरं. मला वाटलं, ती केळीच्या घडांचे ढीग दाखवते आहे.

खालून कडाड् झालं आणि पुढे जो आवाज सुरू झाला तो घराच्या दारापर्यंत थांबला नाही. म्हशी रस्ता सोडून शेतात शिरल्या. एक गाडीवान बैल तसेच टाकून स्वतः पळाला. सौ.ने खाली उतरून सायलेन्सरची दोन शकलं फडक्यात धरून आणली. इतक्या आवाजातही ती घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं.

प्रश्न नुसत्या आवाजाचा नाही. पेट्रोल अजून कुपनांवर आहे, महिन्याला सात गॅलन. गाडी गॅलनला चोवीस मैल देते आणि शाहपूर इथून बारा मैल. म्हणजे एक गॅलन, एक फेरी. मैल मोजायचं यंत्र लढाईच्या काळातच बंद पडलं, पण मला त्याची गरज नाही. चौतीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात काढून मी गेल्या साली निवृत्त झालो. या भागातले रस्ते मी स्वतः साखळीने मोजलेले आहेत. पेट्रोल मोजायला सागाची काठी केली आहे, पाव-पाव गॅलनवर खाचा पाडून. काठी टाकीत बुडवायची आणि ओल कोणत्या खाचेपर्यंत आली ते अंगठ्याने चाचपायचं. चूक होणे नाही.

शाहपूरच्या निंबा पाटलाची केळीची बाग होळीच्या आत मोजून द्यायची आहे. निंबा आणि त्याचा धाकटा भाऊ उखर्डू वेगळे झालेत आणि मधली विहीर कोणाच्या हद्दीत, यावरून दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. त्यासाठी फेऱ्या लागणार. नवा सायलेन्सर हवा, पण पेट्रोल पिणारा नको.

मंगळवार, ११ जानेवारी

गोटू मिस्त्रीला बोलावलं. शनवाऱ्याला, वेशीजवळ, त्याचं दुकान आहे. लढाईत तो मिलिटरीच्या लाऱ्या दुरुस्त करायला इराणपर्यंत जाऊन आला. अर्धा तास गाडीखाली पडून होता. बाहेर येऊन म्हणाला, "साहेब, इंजिन बी माणसासारखंच. श्वास घेतला तसा सोडता बी आला पाहिजे. नळी बारीक लावली तं इंजिन कोंडते, पेट्रोल पिते. नळी मोकळी ठेवली तं पेट्रोल वाचते, पण गाव उठते."

या गाडीचा अस्सल सायलेन्सर मिळणं शक्य नाही. कापसाच्या जिनिंगच्या ज्या साहेबाकडून गाडी घेतली तो विलायतेला गेला आणि सुटे भागही तिथेच आहेत. तेव्हा जे मिळेल ते लावून, मोजून, मगच निवडायचं, असं मी ठरवलं. पहिली पाळी नुसत्या मोकळ्या नळीची.

सौ. चहा घेऊन बाहेर आली आणि गोटूला म्हणाली, "गोटूभाऊ, आवाज अजिबात नको. बाकी काहीही होवो."

हिचं माहेर जिनिंगच्या भिंतीला भिंत लागून. तिथल्या धडधडाटात ही गाढ झोपायची. कान एकाएकी इतके नाजूक कसे झाले कळत नाही.

शुक्रवार, १४ जानेवारी. संक्रांत

मोकळ्या नळीने कुपनं आणायला गेलो. वाटेत लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. शेजारच्या धुरपदाबाई म्हणाल्या, "तुम्ही निघालात ते कळतं, पोचलात ते बी कळतं. मी तं डाळ शिजायला टाकताना तुमच्या गाडीवरूनच वेळ धरते."

एक समाधानाची गोष्ट. सौ. गाडीत रस घेऊ लागली आहे. तिळगूळ वळता वळता विचारत होती, "चढावर गाडी बंद पडली तर आधी ब्रेक की आधी क्लच?" लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, माझ्या विषयात तिने असं लक्ष कधी घातलं नव्हतं. मी पाऊण तास समजावलं. तिने मधे एकदाही जांभई दिली नाही. उलट, "पुन्हा सांगा," म्हणाली.

बुधवार, १९ जानेवारी

मोकळी नळी: शाहपूरच्या दोन फेऱ्या, अठ्ठेचाळीस मैल, दोन गॅलनला किंचित कमी. म्हणजे जुन्या सायलेन्सरइतकंच. गोटू म्हणाला होता त्याप्रमाणे काही वाचलं नाही, पण गेलंही नाही.

मी म्हटलं, "मग हीच राहू दे." सौ.ने ताट वाढता वाढता हातातली पळी खाली ठेवली. "ही राहिली तर मी राहणार नाही."

वर्तमानपत्रांची शाई फार फिकी येऊ लागली आहे. स्वातंत्र्यानंतर कारखानदारांनी माल पातळ केला असावा. वाचनालयात मी आता मोठ्याने वाचणाऱ्यांच्या टोळक्यात बसतो. रोज दुपारी तीन ते पाच. पायी जातो, पेट्रोल वाचतं.

रविवार, २३ जानेवारी

गोटूने स्वतःच्या हाताने सायलेन्सर बनवला. तुपाचा मोठा पत्र्याचा डबा, आत भोकं पाडलेले दोन आडवे पत्रे, झाळकाम सुबक. गाडी सुरू केली तर मांजर घुरघुरल्यासारखा आवाज. गोटू लांब उभा राहून ऐकत होता; मुलीचं गाणं ऐकणाऱ्या बापासारखा चेहरा. सौ.ने त्याला तिळाचे चार लाडू दिले. मला दोन.

शनिवार, २९ जानेवारी

घोर निराशा. शाहपूरची एकच फेरी, चोवीस मैल, आणि पेट्रोल गेलं दीड गॅलन! गॅलनला सोळा मैल. तीनदा काठी बुडवून पाहिली.

गोटूला बोलावून आकडा सांगितला. तो म्हणाला, "होऊच शकत नाही, साहेब. थोडं कोंडत असेल, पण इतकं नाही."

"काठी खोटं बोलत नाही."

"काठी नाही बोलत खोटं," तो म्हणाला. मग सौ.कडे पाहिलं. सौ.ने वांगी चिरायला घेतली होती, ती चिरतच राहिली. गोटूच्या डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण तो तोंड फिरवून गेला. कलावंत माणूस. पण विज्ञानापुढे इलाज नाही. डबा काढायला सांगितला.

सौ. म्हणाली, "दुसरा येईपर्यंत डबा राहू दे." आवाजाचं काय घेऊन बसली आहे, समजत नाही.

मंगळवार, ८ फेब्रुवारी

सातपुड्याच्या कुशीतलं एक सव्वीस गावांचं संस्थान विलीन झालं. तिथल्या मोटारखान्याचा लिलाव होता, गोटू तिकडे जाऊन आला. सात मोटारी, त्यांतल्या दोन चालत्या. राजेसाहेब स्वतः खुर्ची टाकून बसले होते म्हणे आणि प्रत्येक मोटार गेली की हात हलवत होते. गोटूने सायलेन्सर मागितला तेव्हा म्हणाले, "ले जा भाई. आवाज तो वैसे भी हमारी कोई सुनता नहीं."

म्हणजे संस्थान हिंदुस्थानात विलीन झालं आणि त्याचा सायलेन्सर आमच्या गाडीत.

वस्तू मात्र राजेशाही. हातभर लांब. गोटूने बॅटरी मारून आत दाखवलं: आडवे पत्रे नाहीतच. इंजिनाच्या नळीइतकीच रुंद नळी सरळ आरपार गेलेली, तिला चाळणीसारखी भोकं, आणि भोवती लोखंडी लोकर गच्च भरलेली. "धूर सरळ निघून जाते, आवाज तेवढा लोकरीत जिरते," गोटू म्हणाला. मला आत काळोखच दिसला, पण तत्त्व पटलं.

गाडी सुरू केली. सुरू झाली हे कळायला बॉनेटवर हात ठेवावा लागला. सौ. टाळ्या वाजवायचीच बाकी होती.

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

गाडीत बसताना गुडघा स्टिअरिंगवर आपटला. सीट पुढे सरकलेली होती. गोटूने सरकवली असणार. पायाशी हिरव्या बांगडीचा तुकडाही सापडला.

शिवाय मी गाडी नेहमी नाकाने शेडमध्ये घालतो. आज ती शेपटीने आत होती आणि दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून. मागे घेऊन लावल्याचं मला आठवत नाही. विस्मरण होऊ लागलं की काय? पण इतकी नीट लावली होती याचं बरंही वाटलं. हात अजून वळणात आहे.

गुरुवार, १७ फेब्रुवारी

शाहपूर. बागेची मधली रेघ आज आखली. उखर्डू हद्दीपलीकडे पाठ करून उभा, निंबा माझ्याजवळ. दूरच्या टोकाला पांढरी झेंडी रोवायला सांगितली होती. मी काटफळीच्या, म्हणजे कोन धरायच्या फळीच्या, फटीतून नेम धरून कोन घेतला, वहीत लिहिला, पुन्हा पाहिलं तर कोन बदललेला! पुन्हा घेतला. पुन्हा बदलला.

निंबा हळूच म्हणाला, "साहेब, ती झेंडी नाही. तो बगळा हाये."

तेवढ्यात तो उडालाच. खरी झेंडी बरीच डावीकडे होती म्हणे. निंबाने हात धरून त्या दिशेला माझं तोंड वळवलं आणि मी रेघ पुरी केली. आज ऊन फार चकाकत होतं. केळीच्या बागेत झेंड्या पांढऱ्या ठेवू नयेत, हा धडा घेतला. लाल ठेवाव्यात.

घरी सौ.ला गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही. खूप वेळ माझ्याकडे बघत होती, असं वाटलं.

सोमवार, २१ फेब्रुवारी

राजेशाही सायलेन्सरचा निकाल. शाहपूरची एक फेरी, चोवीस मैल, पेट्रोल दोन गॅलन. गॅलनला बारा मैल!

सबंध दुपार विचार केला आणि एक नियम हाती लागला. मोकळी नळी, भरपूर आवाज: चोवीस मैल. डबा, थोडा आवाज: सोळा. राजेशाही, शून्य आवाज: बारा. अर्थात, सायलेन्सर जितका शांत तितकं पेट्रोल जास्त. निसर्ग शांतता फुकट देत नाही. एखाद्या मोटारविषयक मासिकाला हे कळवावं म्हणतो.

गोटूला नियम समजावून सांगितला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला, "मी काय बोलू, साहेब? मले बोलताच येत नाही." सौ.ला समजावला तर तिला जोराचा ठसका लागला. पाणी द्यावं लागलं.

मंगळवार, १ मार्च

वाचनालयातून परतलो तर सौ. ठेवणीतलं नऊवारी नेसून बाहेरून पेढे घेऊन आलेली. "कशाचे?" म्हटलं. "सहज," म्हणाली. पेढे सहज येत नाहीत. पण चांगले होते.

नवी कुपनं मिळाली. टाकीत पेट्रोल घातलं, काठी बुडवली, सहा गॅलनची खाच. आता होळीपर्यंत गाडी शाहपूरशिवाय कुठेही न्यायची नाही.

गुरुवार, ३ मार्च

मंगळवारपासून मी गाडीला हात लावलेला नाही. आज सहज काठी बुडवली. तीन खाचा कमी. पाऊण गॅलन!

उभी गाडी पेट्रोल पीत नाही. तेव्हा माझा नियम खोटा. हा प्रकार सरळ चोरीचा आहे. टाकी गळत नाही, खाली जमीन कोरडी. शेडची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे, दुरुस्तीसाठी गोटूला दिलेली. वर धुरपदाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "तुम्ही वाचनालयात गेलात रे गेलात की गोटू येतो. रोज. तुम्हाला माहीत असेलच म्हणा."

मी तसाच शनवाऱ्याला गेलो. दुकानात पाच-सहा लोक होते. मला थांबायला हवं होतं, पण थांबलो नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "गोटू, पेट्रोल चोरायचं होतं तर सायलेन्सरची नाटकं कशाला केलीस?"

गोटूच्या हातात पाना होता, तो त्याने पुसून जागेवर ठेवला. "साहेब, लढाईत अख्ख्या टाक्या माझ्या हवाली असायच्या," तो म्हणाला. पुढे काहीतरी बोलणार होता. खिशातून शेडची किल्ली काढली, माझ्या हातावर ठेवली. "तुम्ही म्हणता तं तसं."

परत येताना पायरी चुकून पडता पडता वाचलो. चोर सापडला तर माणसाला बरं वाटायला हवं. मला बरं वाटत नाही.

शुक्रवार, ४ मार्च

सकाळी सौ.ला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता हात थांबले.

"गोटूभाऊला चोर म्हणालात? लोकांसमोर?"

"मग काय आरती ओवाळू?"

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली. "पेट्रोल मी जाळलं."

"तू? कशात? स्टोव्हमध्ये?"

"गाडीत. गाडी चालवून."

मी हसलो. फार हसलो. मी हसायचं थांबेपर्यंत ती थांबली आणि मग बोलायला लागली. गोटूने तिला शिकवलं. रोज तीन ते पाच. आधी नदीकडच्या मोकळ्या मैदानात, मग आसीर रस्त्याला. मोकळ्या नळीने शिकणं शक्य नव्हतं, सगळ्या गावाला ऐकू गेलं असतं. म्हणून शांत सायलेन्सरचा हट्ट. परवानासुद्धा आहे. मंगळवारी पोलीस कचेरीसमोर गाडी चालवून दाखवली. इन्स्पेक्टरने अरुंद बोळातून मागे घ्यायला लावली, तिने घेतली. पेढे त्याचे.

"पण का? मी होतो ना चालवायला!"

"त्या दिवशी ढीग दिसला नव्हता तुम्हाला."

"धुकं होतं."

"धुकं नव्हतं हो." हे ती इतक्या हळू म्हणाली की मी चिडलो. माझे डोळे खणखणीत आहेत, चौतीस वर्षं या डोळ्यांनी जिल्हा मोजला, वगैरे म्हणालो. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "समोरच्या भिंतीवर काय आहे?"

"कॅलेंडर."

"कॅलेंडर मी महिन्यापूर्वी काढलं. तिथे आरसा लावलाय."

मी बघत राहिलो. भिंतीवर एक चौकोनी उजळ डाग होता. त्यात मी कुठेच नव्हतो.

म्हटलं, "मला सांगायचंस."

"दिवाळीत सांगितलं, तर तुम्ही पणत्यांच्या तेलाला नावं ठेवलीत. संक्रांतीनंतर सांगणार होते, तर शाईला ठेवलीत. आणि गाडी विका म्हटलं असतं तर विकली असतीत तुम्ही, रागाने. मग घरात बसला असतात. दिवसभर. घरात बसलेले तुम्ही मला दोन दिवस सोसवले नसतात. आज ढिगावर गेली. उद्या माणसावर जाईल. मला तुमच्या शेजारी बसायची भीती वाटायला लागली होती."

भाकरी तव्यावर करपली. आम्ही दोघांनी ती तशीच खाल्ली.

रविवार, ६ मार्च

आज सौ.ने, मनकर्णेने, गाडी शाहपूरला नेली. मी डावीकडे बसलो. पहिले दोन मैल मी पायाने नसलेला ब्रेक दाबत होतो. नंतर दाबायचं विसरलो. गियर बदलताना आवाज येत नाही तिच्या हातून. माझ्या हातून येतो.

वाटेत तिने पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढायला सांगितली आणि पाठच असल्यामुळे स्वतःच बोलून दाखवली. कोणत्या दिवशी कुठपर्यंत गेली, सगळे मैल तिने लिहून ठेवले होते. रस्त्यावरचे दगड मोजून. डबा लावला असताना आठ मैल. राजेशाही लावल्यावर एकवीस तारखेपर्यंत सव्वीस मैल. मी मनातल्या मनात गणित केलं. डबा: बत्तीस मैलांना दीड गॅलन, म्हणजे गॅलनला एकवीस. राजेशाही: पन्नास मैलांना दोन गॅलन, म्हणजे पंचवीस! अस्सलपेक्षाही एक मैल जास्त आणि आवाज जवळजवळ नाही. माझा निसर्गनियम दोन आठवडेही टिकला नाही.

बागेत पंच जमले होते, खुणेचे दगड रोवायला. बाई गाडी चालवत आली म्हणून आधी सगळे गाडीकडेच बघत राहिले. मला जे बोलायचं होतं ते लवकर बोलून टाकलं पाहिजे होतं. म्हणालो, "निंबा, उखर्डू, मी आखलेली रेघ धरू नका. मला दूरचं दिसत नाही. बगळ्यानंतर जी झेंडी धरली तीसुद्धा मला दिसली नव्हती. निंबाने दाखवलं तिकडे मी तोंड केलं. पुन्हा मोजू."

असं वाक्य मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. आकाश कोसळेल असं वाटलं होतं. एक म्हातारा पंच म्हणाला, "मलेबी दिसत नाही. बसा, चहा घ्या."

मग मनकर्णेने फटीतून नेम धरला. मी साखळीच्या कड्या बोटांनी मोजल्या आणि आकडे लिहायला सांगितले. रेघ अकरा फूट सरकली. विहीर उखर्डूच्या बाजूला गेली.

निंबाने मला बोलावलं होतं, निंबाचं मीठ मी दोन महिने खात होतो. तो विहिरीजवळ गेला, आत डोकावला, परत आला. "बगळ्याच्या हिशोबानं माझी होती," तो म्हणाला. आधी एक जण हसला, मग सगळेच. उखर्डूला हसू आवरेना. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने भावाकडे तोंड केलं. "पाणी घेत जाय, दादा. मोट तुझीच लाव. बांध तेवढा माझा म्हण."

दगड रोवले.

मंगळवार, ८ मार्च

शनवाऱ्याला गेलो. मुद्दाम दुकानात माणसं असतील अशा वेळी. जितके लोक त्या दिवशी होते त्याहून दोन जास्तच निघाले. त्यांच्यासमोर म्हणालो, "गोटूने पेट्रोलचा थेंब घेतलेला नाही. मी त्याला चोर म्हणालो, ते खोटं होतं. माझी चूक झाली." आणि हात जोडले.

गोटू कावराबावरा झाला. माझे हात खाली ओढत म्हणाला, "काय करता, साहेब! तुमी मोठे." मग मला बाकावर बसवून म्हणाला, "खरं सांगू? चोर म्हनलं ते एक रात काढून गेलं असतं. पण माझ्या डब्याले सोळा मैलाचा म्हनलं ना, ते लई लागलं होतं."

मी त्याला खरा आकडा सांगितला. एकवीस. तो खूश होईल असं वाटलं. पण त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "म्हंजे तीन मैल खातोच तो. आतले पत्रे कोंडत असतील." पाच मिनिटांत डबा कापायला घेतला. राजेशाहीसारखी आरपार नळी घालून बघतो म्हणाला. आमच्या गाडीत राजेशाहीच राहणार, हे आता पक्कं.

शेडची किल्ली त्याला परत दिली. त्याने ती दोनदा नाही म्हणून घेतली.

खांडवा, शनिवार, १९ मार्च

अक्षरं मोठी काढतो आहे, एका पानावर चारच ओळी मावतात. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. उजव्याचं ऑपरेशन उद्या सकाळी.

आगगाडीने यायचं ठरत होतं. मनकर्णा म्हणाली, पेट्रोल आहे, गाडीनेच जाऊ. आसीरच्या घाटात मी डोळे मिटून बसलो. उघडे ठेवून तरी काय फरक होता? वळणं अंगाला कळत होती. एकदा मी म्हणालो, "आता दुसरा गियर टाक." ती म्हणाली, "केव्हाच टाकला." तिनेच मला सांगायला सुरुवात केली: डावीकडे पळस फुललाय, पुढे माकडं बसलीत, किल्ला वर राहिला. मी या रस्त्याची लांबी पावलापर्यंत सांगू शकतो, पण पळस कुठे आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

दवाखान्याच्या ओसरीत नाव लिहून घेत होते तेव्हा कंपाउंडर बाहेर येऊन ओरडला, "मोटार कोणाची? उन्हात उभी आहे. ड्रायव्हरला सांगा, मागे कडुनिंबाखाली लावा म्हणावं."

मी हात वर केला. मनकर्णा उठली, तशी पदराच्या गाठीतली किल्ली वाजली.

कंपाउंडर इकडेतिकडे बघत होता. "अहो, ड्रायव्हर कुठाय तुमचा?"

"त्या काय चालल्यात," मी म्हणालो.

अठ्ठावीस वर्षांत मी तिला पहिल्यांदाच अहोजाहो केलं. पायऱ्यांवर ती क्षणभर थांबली, म्हणजे तिने ऐकलं. मग गाडीचं दार लागलं, आणि कंपाउंडर फाटक उघडायला धावला.